नवीन जोडलेल्या स्टिरिओ स्पीकरमधून बेस येत नाही, काय तपासावं?

सगळ्यात आधी मागच्या वायरी बघा. दहातल्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात, असं माझं मत. एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागली असेल, तर एकाचा पडदा बाहेर येताना दुसऱ्याचा आत जातो आणि खालचे सूर एकमेकांना मारतात. आवाज येतो, पण पोकळ. गायक नेमका कुठे उभा आहे तेच कळत नाही. अँप्लिफायर बंद करून फक्त एकाच स्पीकरच्या वायरी अदलाबदल करा. दोन्हींच्या केलंत तर फरक शून्य! बेस भरला तर तसंच ठेवा, नाहीतर पूर्ववत करा.

वायरी बरोबर निघाल्या तर दोष बहुधा खोलीचा. ४ मीटर लांब खोलीत साधारण ४३ हर्ट्झचा सूर बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो, आणि आपण खुर्ची नेमकी तिथेच टाकतो. गाणं चालू ठेवून खोलीभर फिरा. भिंतीजवळ बेस दणदणीत वाटला तर खुर्ची हलवा, किंवा स्पीकर मागच्या भिंतीकडे थोडे सरकवा.

एव्ही रिसीव्हर (टीव्ही आणि स्पीकर जोडायचा अँप्लिफायर) असेल तर मेनूही उघडा. स्पीकर ‘स्मॉल’वर (म्हणजे छोटे, बेस न पेलणारे) असतील आणि सबवूफर (फक्त बेससाठीचा वेगळा स्पीकर) नसतानाही ‘आहे’ असं सेट असेल, तर ८० हर्ट्झच्या आसपासचा आणि त्याखालचा आवाज नसलेल्या सबवूफरकडेच जातो.

बाकी, ४ इंची वूफरकडून (स्पीकरमधल्या बेस वाजवणाऱ्या पडद्याकडून) ढोल-ताशाची अपेक्षा असेल, तर सबवूफरच घ्या.