‘मध्यवर्ती’ हॉटेल म्हणजे नेमकं कुठे?

प्रश्न : तीन दिवस शहर पायीच बघायचं आहे, सोबत आई आहे. ‘मध्यवर्ती’ लिहिलेलं हॉटेल घेतलं की झालं का?

उत्तर : नाही हो, त्या शब्दावर जाऊ नका. मी एकदा गेले होते. नकाशावर मुख्य चौक हाकेच्या अंतरावर, पण मध्ये रेल्वेचे रूळ! पुलाचा वळसा घेता घेता संध्याकाळी पायांचे तुकडे पडायचे. आता मी सरळ अंतर बघतच नाही, पायी रस्ता मोजते. किलोमीटरला साधारण १२ ते १५ मिनिटं; आईसोबत २० धरा. चढही बघा. दुपारी खोलीवर येऊन आईला तासभर आडवं होता आलं पाहिजे, ही माझी पहिली अट. रात्री परतायचा रस्ता उजेडाचा, वर्दळीचा हवा. त्यासाठी खोली लहान मिळाली तरी घ्या.