‘जोपर्यंत’मधला ‘नाही’ इंग्रजीत कुठे जातो?

प्रश्न : कार्यालयातील एका पत्रात मी ‘प्लीज डू नॉट साइन अनटिल द मॅनेजर डज नॉट अप्रूव्ह’ असे लिहिले. ‘जोपर्यंत व्यवस्थापक मंजुरी देत नाहीत तोपर्यंत सही करू नका’ हा माझ्या मनातला अर्थ. वरिष्ठांनी दुसरा ‘नॉट’ खोडला, पण कारण सांगितले नाही. मराठीत ‘नाही’ लागतो, तर इंग्रजीत तो का चालत नाही?

उत्तर : आपल्या वरिष्ठांनी केलेली दुरुस्ती योग्य आहे, आणि आपली चूक निष्काळजीपणाची नाही. हिंदीतही ‘जब तक वह नहीं आता’ असेच म्हणतात. रशियन आणि इटालियन भाषांतही अशा उपवाक्यात नकार येतो, त्यामुळे त्या भाषकांनाही इंग्रजी शिकताना हाच अडसर जाणवतो.

गोम अशी की ‘जोपर्यंत’ आणि ‘अनटिल’ हे शब्द समानार्थी मानून पाठ केले जातात, पण ते तसे नाहीत. ‘जोपर्यंत’ एखादी स्थिती टिकून असलेला सगळा काळ दाखवतो. मंजुरी न मिळालेली असणे हीसुद्धा एक स्थितीच, म्हणून तिथे ‘नाही’ अपरिहार्य ठरतो. ‘अनटिल’ मात्र त्या काळाचे शेवटचे टोक दाखवतो, म्हणजे जिथे स्थिती पालटते तो क्षण, आणि तो क्षण मंजुरी मिळण्याचा असतो, न मिळण्याचा नव्हे. ‘जोपर्यंत पाऊस पडतो आहे तोपर्यंत आत थांबा’ या वाक्याचे ‘स्टे इनसाइड अनटिल इट इज रेनिंग’ असे भाषांतर याच गैरसमजातून होते. ‘जोपर्यंत’चा खरा जोडीदार ‘अ‍ॅज लाँग अ‍ॅज’ आहे. तो योजल्यास ‘अ‍ॅज लाँग अ‍ॅज इट इज रेनिंग’ हेही बरोबर ठरते, आणि आपला ‘डज नॉट’सुद्धा व्याकरणात बसतो, जरी तिथे इंग्रजी भाषक सहसा ‘अनटिल’च वापरतील.

यावरचा उपाय मराठीतच आहे, आणि तो फारसा शिकवला जात नाही याचे मला नवल वाटते. इंग्रजी लिहिण्यापूर्वी मनातले वाक्य ‘-ईपर्यंत’ लावून बदलून घ्यावे : ‘व्यवस्थापक मंजुरी देईपर्यंत सही करू नका.’ ‘नाही’ आपोआप गळतो, कारण ‘देईपर्यंत’ हे रूप ‘अनटिल’प्रमाणेच टोक दाखवते. ‘करू नका’तला नकार मुख्य वाक्यातला असल्याने तो मात्र जागच्या जागी राहतो.

तरीही ‘अनटिलनंतर नकार कधीच येत नाही’ असा नियम करू नये. ‘ही पंप्ड अनटिल देअर वॉज नो वॉटर लेफ्ट’ हे वाक्य निर्दोष आहे, कारण पाणी न उरणे हेच तिथे गाठायचे टोक आहे.

‘अनलेस’च्या पोटात ‘नाही’ मुळातच आहे. ‘अनलेस यू डू नॉट पे’ म्हटल्यास अर्थ थेट उलटा होतो. ‘तो बसतो न बसतो तोच फोन वाजला’ यातला ‘न’ही तसाच फसवा, ‘ही हॅड हार्डली सॅट डाउन व्हेन द फोन रँग’ या वाक्यात त्याचे काम ‘हार्डली’ करतो, त्यामुळे वेगळा ‘नॉट’ लागत नाही.

आपल्या वाक्यात आणखी एक जागा घसरण्याजोगी आहे. मंजुरी पुढे मिळायची असली, तरी ‘अनटिल’नंतर ‘विल’ येत नाही. म्हणून ‘प्लीज डू नॉट साइन अनटिल द मॅनेजर अप्रूव्ह्ज’ असे लिहावे. मंजुरीची प्रक्रिया पूर्ण झालेली असणे महत्त्वाचे असेल, तर ‘हॅज अप्रूव्ह्ड’ अधिक नेमके होईल.