पावसाळ्यानंतर ३१५ बोअरच्या रायफलचा बोल्ट जाम लागतोय, काय करू?

भावा, सगळ्यात आधी मॅगझिन रिकामं कर, बोल्ट मागं ओढून चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या जागेत) डोळ्यानं बघ आणि बोट घालूनपण बघ, मगच पुढचं. आता रिकाम्या रायफलचाच बोल्ट मागंपुढं कर. तेव्हापण जड लागत असंल तर जुनं तेल चिकट झालंय नाहीतर बारीक गंज धरलाय, राधानगरी गगनबावड्याकडच्या दमट हवेत हे होतंयच. बोल्ट बाहेर काढ, लग (बोल्ट अडकवून धरणारे उंचवटे) आणि खाचा सॉल्व्हंटनं पुसून कोरड्या कर, पातळ तेलाचा नुसता हात फिरव आणि लगच्या मागच्या बाजूला किंचित ग्रीस. चेंबरमध्ये तेल ठेवू नको, त्यानं फायर करताना बोल्टवर दाब वाढतो. बॅरल चेंबरकडूनच साफ कर, तोंडाकडून रॉड घासला की नेम बिघडतो.

पण रिकामी असताना मऊ चालतोय आणि फायर केल्यावरच हँडल उचलत नसंल, तर चेंबर घाण आहे किंवा काडतुसाचा दाब जास्त होतोय, तिथं हातोडी मारत बसू नको, फायर थांबव आणि लायसन्सवाल्या गनस्मिथकडं ने. दुसऱ्या रायफलचा बोल्ट तर अजिबात घालायचा नाही, हेडस्पेस (बोल्टचं तोंड आणि चेंबरमध्ये काडतूस टेकतं ती जागा यातलं अंतर) चुकली तर जिवावर बेतंल.

आणि कातडी कव्हरात घालून ठेवू नको, ओल धरून ठेवतंय ते.