दुसऱ्या तुकडीची तयारी

प्रिय डॉक्टर,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. भूकंपाच्या बातम्या पाहून तुला घरात बसवत नाहीये, संस्थेकडे लगेच नाव दिलंस, आणि पहिल्या तुकडीत घेतलं नाही म्हणून तू हिरमुसली आहेस. नुकतीच इंटर्नशिप संपवलेल्या मुलीला पहिल्या विमानात बसवत नाहीत, त्यात तुझा कमीपणा काही नाही. दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या तुकडीत तुझं नाव येईल. माझं तर म्हणणं आहे की तुझी खरी गरज तेव्हाच लागणार आहे. त्या कामाची तयारी मात्र आजपासून करायला हवी, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

ढिगाऱ्याखालून जिवंत माणसं बाहेर काढतात ती बहुतांशी शेजारीपाजारी. पहारीनं, दोरानं, नुसत्या हातांनी. बाहेरचं पथक येईपर्यंत त्यातलं बरंचसं काम झालेलं असतं. हैतीत १२ जानेवारी २०१० रोजी भूकंप झाला तेव्हा ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संस्थेचं हवेनं फुगवायचं रुग्णालय घेऊन निघालेल्या विमानाला राजधानीत उतरताच आलं नाही. सामान शेजारच्या डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये उतरवून रस्त्यानं न्यावं लागलं. इतक्या मुरलेल्या संस्थेची ही गत, तर इतरांचं काय सांगावं.

तरी पहिल्या दिवसांतलं वैद्यकही नीट शिकून ठेव, कारण धक्के पुन्हा बसतात. नेपाळमध्ये २५ एप्रिल २०१५ च्या ७.८ तीव्रतेच्या भूकंपानंतर १२ मे रोजी ७.३ चा धक्का बसला आणि आधीच खिळखिळ्या झालेल्या इमारती कोसळल्या. दगडामातीखाली तासन् तास पाय अडकलेला माणूस शुद्धीवर असतो, बोलत असतो, पाणी मागत असतो. वरचा भार काढला की चिरडलेल्या स्नायूंमधलं पोटॅशियम आणि मायोग्लोबिन हे प्रथिन एकदम रक्तात उतरतं. हृदय तिथल्या तिथे थांबू शकतं, किंवा पुढच्या काही दिवसांत मूत्रपिंडं बंद पडतात. लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यांतल्या अशा रुग्णांचं वर्णन १९४१ मध्येच वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आहे. म्हणून भार हलवण्याआधीच सलाईन सुरू करायचं, तेही साधं नॉर्मल सलाईन. रिंगर लॅक्टेट या दुसऱ्या प्रकारच्या सलाईनमध्ये पोटॅशियम असतं. अडकलेल्या माणसाचा एक हात जरी बाहेर दिसत असेल तरी शीर शोधायची. सन १९८८ च्या आर्मेनियाच्या भूकंपात डायलिसिसवाचून इतकी माणसं दगावली की मूत्रपिंडतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं आपत्तीसाठी वेगळं पथक उभारलं. पुढे १९९९ मध्ये तुर्कस्तानच्या भूकंपात ते कामी आलं.

आता जखमांकडे येते, कारण दुसऱ्या तुकडीच्या वाट्याला त्या हमखास येतात. तुझ्यासमोर घाईघाईनं टाके घातलेला पाय येईल. वरून छान मिटलेला, आतून सुजलेला, दाबलं की पू. तो टाका तू उलगडायचास. आत माती असेल, चुन्याचे कण असतील, कापडाचा धागाही निघेल. भरपूर स्वच्छ पाण्यानं किंवा सलाईननं धुवायचं, मेलेलं मांस रक्त येईपर्यंत कापायचं आणि जखम उघडी ठेवून वर सैल ड्रेसिंग करायचं. चार-पाच दिवसांनी स्वच्छ दिसली तर मगच शिवायची. नातेवाईक विचारतील, डॉक्टरीणबाई टाके का घालत नाहीत? त्यांना बसवून समजाव. त्यात दहा मिनिटं गेली तरी जाऊ देत, नाहीतर ते दुसऱ्या तंबूत जाऊन टाके घालून घेतील. धनुर्वाताचं इंजेक्शन प्रत्येकाला. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियातल्या आचे प्रांतात धनुर्वाताचे १०६ रुग्ण नोंदले गेले, त्यांतले २० दगावले. लाटेच्या चिखलात झालेल्या साध्या जखमा होत्या बऱ्याच जणांच्या.

हैतीत मदतीला आलेल्या पथकांमध्ये काही फार उत्तम होती आणि काहींनी तिथे यायलाच नको होतं. ज्यांचे हातपाय कापले गेले त्यांतल्या अनेकांच्या नोंदी नव्हत्या, पुढची देखभाल कोण करणार याचा पत्ता नव्हता. त्या अनुभवातूनच जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्ये आपत्कालीन वैद्यकीय पथकांसाठी किमान निकष ठरवले: कोणत्या प्रकारच्या पथकानं काय केलंच पाहिजे, स्वतःचं पाणी, अन्न, वीज, निवारा कसा आणला पाहिजे, आणि स्थानिक आरोग्य यंत्रणेकडे नोंदणी केल्याशिवाय एकही रुग्ण का तपासू नये. तुझी संस्था हे पाळते की नाही, ते निघण्यापूर्वी विचार. संकोच करू नकोस. जी संस्था या प्रश्नावर चिडते तिच्याबरोबर जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि आता मला सगळ्यात कळकळीनं सांगायचं आहे ते.

कॅरिबियनमधल्या पोर्टो रिको बेटावर २० सप्टेंबर २०१७ रोजी मारिया चक्रीवादळ आदळलं. सरकारी आकडा कितीतरी महिने ६४ मृत्यूंवरच थांबला होता. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये विद्यापीठाच्या अभ्यासानंतर तोच आकडा २,९७५ झाला. यांतली बहुतेक माणसं वाऱ्यानं उडालेले पत्रे लागून किंवा पुरात वाहून गेलेली नव्हती. वीज गेली, ऑक्सिजनचं यंत्र बंद पडलं. रस्ता खचला, डायलिसिस चुकलं. इन्शुलिन थंड ठेवायला जागा राहिली नाही. घरोघरी जाऊन केलेल्या एका पाहणीत साधारण एक तृतीयांश मृत्यूंमागे उपचार लांबणं किंवा तुटणं हे कारण पुढे आलं. कॅमेरे निघून गेल्यावर ही माणसं गेली, एकेक करून, आपापल्या घरात.

म्हणून तुला सांगते, छावणीत पोचलीस की जखमी कुठे आहेत हे विचारशीलच, त्याच दमात हेही विचार: टीबीची गोळी कोणाची चुकली आहे? फिट्सचं औषध कोणाचं संपलं आहे? डायलिसिसवर कोण होतं? कुठल्या बाईचे दिवस भरत आले आहेत? या माणसांच्या अंगावर रक्त नसतं, ती रांगेत मागे उभी राहतात आणि इतरांचं दुःख मोठं म्हणून गप्प बसतात. त्यांना शोधत तंबूतंबूतून फिरावं लागतं. स्थानिक आरोग्यसेविकेला बरोबर घे. तिला घरं माहीत असतात, कोणाचा नवरा गेला हे माहीत असतं, आणि कोण खोटं ‘बरं आहे’ म्हणतंय तेही तिला कळतं.

हे काम पथकातल्या बऱ्याच डॉक्टरांना कमी प्रतीचं वाटतं. पाणी मोजणं, संडास मोजणं याबद्दल तर बोलायलाच नको. पण तू ते आकडे पाठ कर. पिण्यासाठी, स्वयंपाकासाठी आणि स्वच्छतेसाठी मिळून माणशी रोज किमान १५ लिटर पाणी. सुरुवातीला ५० माणसांमागे एक संडास, आणि लवकरात लवकर २० मागे एक. मदतकार्याचे हे किमान निकष आहेत. जिथे ते गाठले जात नाहीत तिथे तुझा दवाखाना कितीही चांगला चालला तरी तीच मुलं तोच जुलाब घेऊन तिसऱ्यांदा येतील. दाटीच्या छावणीत गोवराची लस मुलांना आधी द्यायची, पहिला रुग्ण दिसेपर्यंत थांबायचं नाही.

कॉलराबद्दल दोन उदाहरणं लक्षात ठेव. हैतीत भूकंपानंतर नऊ महिन्यांनी, ऑक्टोबर २०१० मध्ये कॉलरा आला. निदान शंभर वर्षांत तिथे त्याची नोंद नव्हती. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या तळावरचं सांडपाणी नदीत गेलं आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे १० हजार माणसं मेली. संयुक्त राष्ट्रांनी त्याबद्दल माफी मागितली ती २०१६ च्या डिसेंबरमध्ये. मदतीला आलेल्यांच्या संडासाची व्यवस्था हासुद्धा वैद्यकीय प्रश्न आहे, हे कोणी तुला वर्गात शिकवलं नसेल. दुसरं उदाहरण मोझांबिकमधल्या बैरा शहराचं. मार्च २०१९ मध्ये इडाई चक्रीवादळानं ते उद्ध्वस्त झालं, २७ तारखेला कॉलराची साथ जाहीर झाली आणि ३ एप्रिलला तोंडावाटे द्यायची लस सुरूही झाली. आठवडाभरात ८ लाखांहून जास्त लोकांना ती मिळाली. रुग्ण हजारोंनी झाले, पण मृत्यू अगदी मोजके. लसीचा साठा, पाणी, उपचारकेंद्रं आणि स्वयंसेवक यांची सांगड वेळेत बसली म्हणून हे जमलं.

कॉलराच्या तंबूत तुझी ड्युटी लागेल, तर तो आधी डोळ्यांसमोर आणून ठेव. खाट ताडपत्रीची, मधोमध भोक, खाली बादली. उशाशी दुसरी बादली, उलटीची. बादलीवर आतून रेघा मारलेल्या असतात, किती गेलं ते त्यांवरून वाचायचं आणि तितकं भरून काढायचं. दारात पाय बुडवायला क्लोरीनचं पाणी. हात धुवायचं द्रावण ०.०५ टक्के, जमिनीसाठी ०.२ टक्के, उलटी-जुलाबासाठी आणि मृतदेहासाठी २ टक्के. पिंपांवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, तरी पहिल्या दिवशी स्वतः वास घेऊन, विचारून खात्री करून घे. रुग्ण आणला जातो तेव्हा डोळे खोल गेलेले, नाडी लागत नाही, बोटांची कातडी धुणं धुतल्यासारखी सुरकुतलेली. जाड सुईनं रिंगर लॅक्टेट सुरू करायचं, किलोमागे १०० मिलिलिटर, मोठ्या माणसात तीन तासांत. त्यातलं ३० पहिल्या अर्ध्या तासात. तेवढ्या वेळातच माणूस डोळे उघडून नावानं हाक मारतो. वैद्यकात इतक्या लवकर आणि इतक्या स्वस्तात माणूस परत मिळण्याच्या जागा फार थोड्या आहेत.

सलाईन संपलं तर? सन १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांच्यापुढे हाच प्रश्न होता. त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायच्या सोड्याची मिश्रणं पाकिटांत भरून पाण्यात कालवायला दिली, आणि पाजण्याचं काम नातेवाइकांवर सोपवलं. तिथला मृत्यूदर चार टक्क्यांच्या खाली आला. त्यांचा तो विश्वास तू घे. पेशंटची आई तुझी सगळ्यात चांगली नर्स होऊ शकते. तिला कप दे, किती वेळानं किती घोट ते दाखव, आणि उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा पाज म्हणून सांग.

औषधांच्या ढिगाबद्दल थोडक्यात. त्सुनामीनंतर आचेमध्ये सुमारे ४ हजार टन औषधं येऊन पडली. बरीचशी तिथल्या यादीतली नव्हती, लेबलं कोणाला वाचता येईनात, आणि ती नष्ट करण्याचा खर्च वेगळा. तुझ्या ओळखीचे लोक ‘घरातली उरलेली औषधं पाठवू का’ असं विचारतील. नाही म्हण, गोड शब्दांत पण नाहीच म्हण. पैसे संस्थेला द्यायला सांग. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’नं जानेवारी २००५ मध्ये त्सुनामीसाठी आणखी पैसे पाठवू नका असं जाहीर केलं, आणि मिळालेले पैसे इतर संकटांकडे वळवायची देणगीदारांकडे परवानगी मागितली. बहुतेकांनी ती दिली. खरं सांगितलं तर लोक समजून घेतात.

मृतदेहांमुळे साथ पसरते, ही अफवा तुझ्या कानावर हटकून येईल आणि घाईनं सामुदायिक दफन करायची मागणीही होईल. अपघातात गेलेल्यांच्या देहांतून साथी पसरत नाहीत. फोटो, अंगावरच्या वस्तू, जागा यांची नोंद होऊ दे. ओळख न पटलेल्या माणसाचं घर वर्षानुवर्षं वाट पाहत राहतं, आणि कागदोपत्री मृत्यू नसेल तर वारसाची कामंही अडतात.

दुःख ऐकताना खोदून विचारू नकोस. पहिल्याच दिवशी ‘सगळं सांग म्हणजे मोकळं वाटेल’ असा आग्रह धरण्यानं फायदा होत नाही, हे आता मान्य झालेलं आहे. जवळ बस, पाणी दे, हरवलेल्या नातेवाइकाची चौकशी कुठे होते ते सांग. ती बोलली तर ऐक. तुझ्याबरोबर काम करणाऱ्या स्थानिक नर्सचंही घर पडलेलं असेल, तिचंही कोणी गेलं असेल. ती तुझ्या आधीपासून उभी आहे. तिला रात्रपाळीतून सुट्टी मिळेल असं वेळापत्रक लाव, आणि तिच्यापुढे आवाज चढवू नकोस.

रोजची नोंदवही सोडू नकोस. कितीही दमलीस तरी वय, कुठल्या भागातून आला, काय झालं, काय केलं, एवढं लिहूनच झोप. जुलाबाचे पाच रुग्ण एकाच हातपंपाकडचे आहेत हे वहीतूनच कळतं. मृत्यूही लिही, छावणीतले सगळे, तुझ्या तंबूबाहेरचेसुद्धा. दर १० हजार लोकांमागे दिवसाला एक मृत्यू ही धोक्याची खूण मानतात. ती ओलांडली की समन्वयाच्या बैठकीत तुझा आकडा मांड. तिथे तुझ्या वयाकडे कोणी पाहणार नाही, वही पाहतील.

येत्या आठवड्यात एवढं कर: पासपोर्टची मुदत बघ, हिपॅटायटिस-बी आणि धनुर्वाताचे डोस पुरे कर, घरच्यांशी बोल. संस्थेच्या अर्जात उपलब्धतेचा रकाना असतो. त्यात ‘दोन आठवडे’ लिहू नकोस, तीन महिने मोकळे करता आले तर तसं लिही. आणि परतायच्या आधीचे दोन दिवस फक्त पुढच्या डॉक्टरला काम सोपवण्यासाठी ठेव. ज्यांचं प्लास्टर काढायचं आहे, ज्यांच्या जखमा अजून शिवायच्या आहेत, जिची टीबीची औषधं पुढच्या सोमवारी संपतात, त्या प्रत्येकाचं नाव, तंबूचा क्रमांक आणि पुढची तारीख त्या यादीत असू दे. यादीची एक प्रत पुढच्या डॉक्टरकडे दे आणि दुसरी स्थानिक आरोग्यकेंद्रातल्या नर्सकडे.

तुझी,
डॉक्टर मावशी