वाचकांचे प्रश्न : ‘सँड्स ऑफ टाइम’ आणि त्याचा दुसरा भाग

प्रश्न : ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ हा गेम मी नुकताच पूर्ण केला आणि लगेच त्याचा पुढचा भाग ‘वॉरियर विदिन’ हाती घेतला. दुसऱ्या भागातील लढाई पहिल्यापेक्षा कितीतरी सरस आहे, नकाशा मोठा आहे, खेळाचे तासही जास्त आहेत. तरीही मन मात्र पहिल्या भागातच रेंगाळते आहे. हा केवळ माझ्या आवडीचा भाग आहे, की दोन्ही गेमच्या घडणीतच त्याचे काही कारण आहे?

उत्तर : कारण घडणीतच आहे, आणि ते नीट उलगडून सांगण्याजोगे आहे. दोन्ही गेम युबिसॉफ्टच्या माँट्रियल येथील स्टुडिओने तयार केले. पहिला २००३ च्या नोव्हेंबरमध्ये आला आणि दुसरा जेमतेम वर्षभराने, २००४ च्या अखेरीस. पहिल्या भागाची समीक्षकांनी मनापासून वाखाणणी केली, परंतु एक तक्रार बहुतेकांनी नोंदवली : लढाया एकसुरी आहेत. ती तक्रार खरीच होती. शत्रूच्या डोक्यावरून कोलांटी मारायची, पाठीमागून वार करायचा, तो पडला की खंजीर खुपसून त्याच्यातील वाळू शोषून घ्यायची, आणि मग पुढच्याकडे वळायचे. काही शत्रू ही कोलांटी हाणून पाडतात, तेव्हा भिंतीवरून झेप घेऊन वार करायचा, एवढाच काय तो फरक. दुसऱ्या भागाच्या कर्त्यांनी हे मनावर घेतले. राजपुत्राच्या डाव्या हाती शत्रूचे उचललेले शस्त्र आले, ते वापरता वापरता झिजून मोडू लागले किंवा फेकून मारता येऊ लागले, खांबाला धरून गरकन फिरत चौफेर वार करता येऊ लागले. केवळ लढाईपुरते बोलायचे तर आपले निरीक्षण अचूक आहे.

मात्र पहिल्या भागाचे मोठेपण लढाईत कधी नव्हतेच. संपूर्ण गेम म्हणजे राजपुत्राने सांगितलेली गोष्ट आहे. रात्री गच्चीतून एका दालनात शिरून तो जे घडले ते सांगू लागतो, आणि आपण खेळतो ते त्याचे कथन. म्हणूनच उडी चुकून आपण दरीत कोसळलो, तर निवेदक राजपुत्र स्वतःलाच थांबवतो : नाही, नाही, असे घडले नव्हते. खेळ मध्येच बंद करायला निघालो, तर गोष्ट अर्धी टाकून मी जावे अशी तुमची इच्छा आहे का, असे तो विचारतो. इतर गेममध्ये मरण म्हणजे गोष्टीला पडलेले खिंडार असते. येथे ती सांगणाऱ्याची चुकलेली ओळ ठरते. जी गोष्ट निवेदनाची, तीच खंजिराची. काही क्षण मागे नेणारा खंजीर हे एकीकडे चूक दुरुस्त करण्याचे साधन आहे आणि दुसरीकडे कथेचा गाभाही तोच आहे, कारण वजिराच्या फसवणुकीला भुलून याच खंजिराने राजपुत्र काळाची वाळू साठवलेले घटिकायंत्र उघडतो आणि आझादच्या सुलतानाचा अख्खा राजवाडा वाळूच्या राक्षसांनी भरून जातो. आपण दर दोन मिनिटांनी जे बटण दाबतो, तेच अखेरीस राजपुत्राला संपूर्ण प्रसंगावर दाबावे लागते. खेळण्याची कृती आणि कथेचा अर्थ यांचा इतका घट्ट सांधा मला फार थोड्या गेममध्ये आढळला आहे.

एक प्रसंग जवळून पाहू. (ज्यांनी पहिला भाग खेळलेला नाही, त्यांनी हा परिच्छेद वगळावा.) शेवटाकडे राजपुत्राची सोबतीण फराह खंजीर घेऊन निघून जाते आणि राजपुत्राला उंच मनोरा तिच्या मागोमाग चढावा लागतो. त्याला एकाच घावात शत्रू संपवणारी नवी तलवार मिळते, म्हणजे लढाई सोपी होते. परंतु वेळ मागे नेण्याची सोय नाहीशी होते. तोवर ज्या कठड्यांवरून आपण बिनधास्त उड्या मारत आलो, त्याच प्रकारच्या कठड्यावर आता पाऊल टाकण्यापूर्वी बोट बटणावर अडखळते. फराहची उणीव तेथे एकाही संवादाशिवाय कळते, कारण तिच्यासोबत आपल्या हातची दुसरी संधीही गेलेली असते. भिंतीच्या अरुंद फटीतून पलीकडे जाऊन कळ दाबणारी, धनुष्यबाणाने साथ देणारी आणि प्रसंगी राजपुत्रालाच चुकून बाण मारणारी ही सोबतीण आपण तासन्‌तास जपलेली असते, म्हणून ती गेल्यावर राजवाडा खरोखर रिकामा वाटतो.

‘वॉरियर विदिन’मध्ये हा सांधा निखळला. सात वर्षांनंतरचा राजपुत्र येथे कोणालाही गोष्ट सांगत नाही, त्यामुळे मेल्यावर समोर येतो तो इतर कोणत्याही गेमसारखा पडदा. वेळ मागे नेण्याची शक्ती आहे, पण ती आता सोयीपुरती उरली आहे. राजपुत्राचा आवाज बदलला. पहिल्या भागात युरी लोवेन्थाल यांनी त्याला दिलेला किंचित गर्विष्ठ, चुकल्यावर स्वतःशीच पुटपुटणारा स्वभाव गेला आणि त्याच्या जागी सतत संतापलेला योद्धा आला. संगीतात गॉडस्मॅक या बँडचे हेवी मेटल आले, रक्त आले, स्त्रीपात्रांच्या अंगावरचे कपडे अकारण कमी झाले. मूळ १९८९ च्या गेमचे आणि ‘सँड्स ऑफ टाइम’च्या कथेचे कर्ते जॉर्डन मेकनर यांचा या दुसऱ्या भागाच्या निर्मितीत सहभाग नव्हता, आणि त्यातील हिंसा व दृश्यशैली आपल्याला रुचली नसल्याचे त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितले. मलाही ती रुचत नाही. संताप हा राजपुत्राच्या वाट्याला आलेल्या नशिबाचा परिणाम म्हणून पटतो, परंतु तो एकच सूर इतके तास ऐकावा लागला की पात्र लहान होत जाते.

तरीही दुसऱ्या भागावर अन्याय होऊ नये, असे मला तळमळीने वाटते, कारण त्याच्याजवळ स्वतःची अशी एक भक्कम कल्पना आहे आणि ती गडद रंगांखाली झाकली गेली. काळाच्या नियमात ढवळाढवळ केल्याबद्दल दहाका नावाचा काळाकभिन्न, शिंगे असलेला रक्षक राजपुत्राच्या मागे लागलेला आहे. तो येतो तेव्हा पडद्यावरचे रंग उडतात, मागून काळे हात झेपावतात आणि लढण्याचा पर्यायच उरत नाही; फक्त धावायचे. पहिल्या भागात भिंतीवरून धावण्यापूर्वी आपण थांबून, मान वर करून वाट शोधत होतो. येथे तीच कसरत अंगवळणी पडलेली आहे असे गृहीत धरून ती श्वास न घेता करायला लावली जाते, आणि पाण्याचा पडदा गाठला की दहाकाला तो ओलांडता येत नाही म्हणून आपण वाचतो. वाहत्या पाण्याचा आवाज ऐकून इतका जीव भांड्यात पडावा, असा अनुभव मला दुसऱ्या कोणत्या गेमने दिलेला नाही.

त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे दुसरा भाग जेथे घडतो तो काळाच्या बेटावरचा किल्ला. वाळूच्या दारांतून आपण एकाच वास्तूच्या दोन काळांत ये-जा करतो. वर्तमानात कोसळलेला पूल भूतकाळात धड असतो, तर भूतकाळात बंद असलेली वाट वर्तमानातील पडझडीमुळे मोकळी होते. पहिल्या भागातील राजवाडा सुंदर होता, पण तो एका दिशेने चालत पार करायचा होता. या किल्ल्यात परत परत फिरावे लागते आणि हळूहळू तो पाठ होतो. काहींना हे फिरणे कंटाळवाणे वाटते, वाट चुकली तर ते वाटतेही, परंतु एका जागेवर काळ काय परिणाम करतो हे खेळाडूच्या पायांना समजावून सांगण्याचा यापेक्षा चांगला मार्ग मला सुचत नाही.

थोडक्यात विचाराल तर पहिला भाग मी अधिक वेळा पुन्हा खेळेन. मात्र दुसऱ्याचा आराखडा अधिक धाडसी आहे.

प्रश्न : माझा मुलगा बारा वर्षांचा आहे. त्याला पहिला भाग आवडला आणि आता तो दुसरा मागतो आहे. द्यावा का?

उत्तर : सध्या देऊ नये. पहिल्या भागातील शत्रू वाळूचे आहेत आणि वाळू होऊनच विखुरतात, म्हणून अमेरिकेत त्याला किशोरवयीनांसाठीचे मानांकन मिळाले. दुसऱ्या भागात मुंडकी उडवणे, शरीराचे दोन तुकडे करणे हा लढाईचा नित्याचा भाग आहे आणि त्याचे मानांकन सतरा वर्षे व त्यावरील खेळाडूंसाठीचे आहे. नावापुढे तेच ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ असल्यामुळे अनेक पालकांची येथे गफलत होते.

प्रश्न : ‘वॉरियर विदिन’ला दोन शेवट आहेत असे समजले. त्यांपैकी खरा कोणता मानावा, आणि तो मिळवण्यासाठी काय करावे लागते? (उत्तरात कथा उघड झाली तरी हरकत नाही.)

उत्तर : कथेच्या दृष्टीने खरा शेवट तो, ज्यात कायलीना, म्हणजेच काळाची सम्राज्ञी, जिवंत राहते, कारण २००५ मध्ये आलेला तिसरा भाग ‘द टू थ्रोन्स’ तेथूनच सुरू होतो. तो पाहण्यासाठी किल्ल्यात दडलेल्या आयुष्य वाढवणाऱ्या नऊही जागा शोधाव्या लागतात. त्या प्रत्येकीकडे सापळ्यांनी भरलेल्या वाटेने जावे लागते. नऊ पूर्ण झाल्यावरच पाण्याची तलवार हाती येते आणि अखेरचे युद्ध दहाकाशी होते. एकही जागा राहिली, तर अखेरची लढत कायलीनाशी होते आणि दहाका वाळूचे अवशेष तेवढे घेऊन निघून जातो.

या अटीचा कथेशी संबंध आहे, म्हणून ती मला जाचक वाटत नाही. राजपुत्र सम्राज्ञीला मारायला निघतो, जेणेकरून काळाची वाळू निर्माणच होऊ नये. आणि तिला मारल्यामुळेच ती वाळू निर्माण होते. ज्याला टाळायला धावलो तेच आपल्या हातून घडले, हे कळल्यावर राजपुत्र रूप पालटणारा मुखवटा चढवून स्वतःच्याच भूतकाळात परततो. त्याआधी एका ओझरत्या प्रसंगात आपण एक काळी आकृती पाहिलेली असते, दहाकाने तिला ओढून नेलेले असते, आणि आपण तेव्हा तिच्याकडे फारसे लक्षही दिलेले नसते. अनेक तासांनंतर त्याच आकृतीच्या रूपात आपण त्याच जागी उभे असतो, आयुष्याची पट्टी सतत घटत असते, समोर आपलाच जुना राजपुत्र येतो आणि या वेळी दहाकाच्या तावडीत कोणी सापडायचे हे आपल्याला बदलायचे असते.

एक व्यवहारातील सूचना. दुसऱ्या भागात खेळ कारंज्यापाशी पाणी पिऊन सेव्ह होतो आणि सेव्हसाठी अनेक स्लॉट उपलब्ध आहेत. एकाच स्लॉटवर पुन्हा पुन्हा सेव्ह करू नये. काही वाटा ठरावीक टप्प्यानंतर बंद होतात, आणि आयुष्य वाढवणाऱ्या आठ जागा सापडल्यावर नववी मागे राहिल्याचे लक्षात आले, तर जुना सेव्ह हाताशी नसणे फार महागात पडते. मुखवटा चढवण्यापूर्वीचा एक सेव्ह तरी वेगळा राखून ठेवावा.