वंशाविषयी (इंग्रजीत ‘रेस’) वाचायला घेताय? पूर्वज कुठले ते सांगणाऱ्या डीएनए चाचणीचा निकाल जरा बाजूला ठेवा

त्या निकालातली टक्केवारी तुमच्या डीएनएची आजच्या लोकांच्या नमुन्यांशी तुलना करून काढलेली असते. कंपनीने नमुने वाढवले की तुमचे ‘पूर्वज’ही बदलतात. तेव्हा त्यावरून ओळख ठरवायची घाई नको.

आधी इतिहास वाचा, त्यातही कायद्यांचा. अमेरिकेतलं व्हर्जिनिया घ्या. ती इंग्रजांची वसाहत असताना १६६२च्या कायद्याने मुलाचा दर्जा आईवरून ठरवला. गुलाम स्त्रीचं मूल गुलामच, मग बाप गोरा मालक का असेना. (इंग्रजी परंपरेत दर्जा बापाकडून येई. इथे सोयीचं ते उचललं.) १९२४मध्ये तिथेच ‘गोरा’ म्हणजे इतर रक्ताचा अंशही नसलेला, असं ठरलं. पण काही बड्या गोऱ्या घराण्यांना पोकाहोन्टास या मूलनिवासी सरदारकन्येचे वंशज म्हणून मिरवायचं होतं, त्यामुळे मूलनिवासी रक्ताचा सोळावा हिस्सा चालवून घेतला! वंश निसर्गाने आखलेला असता, तर अशी सवलत कुठून आली असती?

मग जीवशास्त्राकडे वळा. जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवोन्टिन यांचा १९७२चा निबंध गाठा: माणसांमधला सुमारे ८५ टक्के जनुकीय फरक एकाच लोकसमूहाच्या आत सापडतो. त्यावरची टीकाही वाचा, ती दमदार आहे.

कृष्णवर्णीय अमेरिकी विचारवंत ड्युबॉइस मात्र सावकाश वाचा. १९०३मधलं त्यांचं ‘दुहेरी जाणिवे’चं (स्वतःकडे सतत इतरांच्या नजरेतूनही पाहावं लागण्याचं) विवेचन सारांशात हाती लागत नाही. आणि वंश खरा नाही म्हणून वंशवादही खोटा, असं कुणी म्हणालं, तर त्याला पुन्हा व्हर्जिनियाचे कायदे दाखवा.