नव्याने सेवेत येणाऱ्या तरुण उपदेशकाने काय लक्षात ठेवावं?

प्रश्नकर्त्या भावाने लिहिलंय की बी.डी. (पाळकपदासाठीची धर्मशास्त्राची पदवी) पूर्ण झालं, जूनपासून पाळक म्हणून पहिली मंडळी, म्हणजे चर्च, मिळतेय. उपदेश किती मिनिटांचा असावा, नोट्स समोर ठेवाव्यात की पाठ करून बोलावं, आणि अंत्यविधीला कोणता शास्त्रभाग घ्यावा, असे तीन प्रश्न आहेत. पहिल्या दोन प्रश्नांना थोडक्यात उत्तर देता येईल. तिसरा वाचल्यावर मी मोबाईल बाजूला ठेवला आणि बराच वेळ अंगणात बसलो. म्हणून लिहितोय.

वेळेचं आधी सांगतो. वीस मिनिटं. खेड्यातल्या मंडळीत समोर बसलेली बाई पहाटे उठून पाणी भरून, भाकरी थापून, लेकरांना आंघोळी घालून आलेली असते. ती चाळीस मिनिटं ऐकते ते तुमच्या मानासाठी.

आता तिसरा.

१९८९ सालची गोष्ट. नगर जिल्ह्यातलं एक गाव, माझी पहिलीच मंडळी. मी सव्वीस वर्षांचा. ऑगस्टमध्ये रुजू झालो तेव्हा चर्च भरलेलं असायचं, साठेक घरं. दिवाळी झाली आणि तीन आठवड्यांत अर्ध्या चटया रिकाम्या. मला वाटलं माझ्या उपदेशात काही कमी पडतंय, म्हणून मी आणखी तयारी करायला लागलो. कुणीतरी मला सांगायला हवं होतं, आणि मी कुणाला तरी विचारायला हवं होतं, की लोक ऊसतोडीला गेलेत. मुकादमाची उचल घेतलेली, नवराबायको मिळून एक कोयता, कच्चीबच्ची बरोबर, ते थेट कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावरच परत. चार महिने ज्यांच्यासमोर उभा राहून बोलत होतो ते पोटाला काय करतात हेच मला माहीत नव्हतं.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ऊसतोडीच्या एका फडावरून जीप आली. आपल्याच मंडळीतलं जोडपं, आणि त्यांचा चार वर्षांचा मुलगा, गोधडीत गुंडाळलेला. पहाटे ऊस भरून टायरची बैलगाडी निघाली तेव्हा तो वर मोळ्यांवर झोपला होता. उतारावर मोळ्या सरकल्या.

मला दोन तास मिळाले. त्या दोन तासांत मी त्या घरी गेलो नाही. टेबलाशी बसून उपदेश लिहिला. रोमकरांस पत्र, आठवा अध्याय, अठ्ठाविसावं वचन. देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात, हे. तीन मुद्दे, प्रत्येकाला उपमुद्दे, मूळ ग्रीक शब्दाचा अर्थसुद्धा. सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या कॉलेजात, उपदेशशास्त्राला मला चांगले मार्क होते.

कबरस्थानात उभा राहिलो. दुपारचं ऊन. खड्डा तयार, पेटी काठावर. मी अर्धा तास बोललो. मुलाचं नाव दोनदा घेतलं, तेही कागदावर लिहून आणलेलं होतं म्हणून. आई समोरच मातीत बसली होती. तिच्या हातांवर पाचटाने कापल्याच्या बारीक रेघा होत्या, काही ओल्या. मी तिसऱ्या मुद्द्यावर आलो तेव्हा बाप पुढे आला. डोक्याचा टॉवेल काढून हातात धरलेला. रागाने नाही, अगदी अदबीने, कामाच्या ठिकाणी साहेबाला विचारावं तसं त्याने विचारलं, "पाळकसाहेब, पोरगं पुरायचं का आता?"

आज छत्तीस वर्षं झाली. ते वाक्य मला त्याच आवाजात ऐकू येतं.

त्या रात्री मी त्यांच्या घरी गेलो, पण आत जायचा धीर होईना. दारातच बसलो. आत मंडळीतली एक म्हातारी होती. मिशनच्या काळात बायबल वुमन म्हणून गावोगाव फिरलेली, सगळे तिला बाई म्हणायचे. तिने त्या आईचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि केसांत अडकलेले पाचटाचे तुकडे ती एकेक करून काढत होती. कंदिलाच्या उजेडात, बोटांनी चाचपत. तास, दीड तास. मधूनच ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचं एक भजन गुणगुणायची, पुरं म्हणायचीही नाही, एक ओळ म्हणून थांबायची. प्रार्थना मोठ्याने केली नाही, वचनही वाचलं नाही. मी निघालो तशी उठून बाहेर आली आणि म्हणाली, "साहेब, उद्या परत या. बोलायला नका येऊ. नुसते या."

मी गेलो. परवाही गेलो. आठव्या दिवशी ती दोघं फडावर परत निघाली, कारण उचल फिटायची होती. दु:खाला मुकादम रजा देत नाही. जानेवारीत मी लूना काढली आणि त्यांच्या फडावर गेलो. चार वाजता पोचलो. पाचटाच्या कोपीसमोर बसलो, कोरा चहा घेतला. त्याने विचारलं, गाडीला पेट्रोल किती लागतं. मी सांगितलं. तिने विचारलं, तुमची आई असते का गावाकडं. मी सांगितलं, असते. आमचं एवढंच बोलणं झालं. निघताना त्याने लूनाच्या मागे उसाच्या वाढ्यांचा, म्हणजे हिरव्या शेंड्यांचा, भारा बांधून दिला, म्हणाला बाईच्या शेळीला द्या.

एप्रिलमध्ये पट्टा पडला, माणसं परतली. एका संध्याकाळी तो आपणहून माझ्याकडे आला. "तुम्ही त्या दिवशी काय वाचलं व्हतं, ते परत वाचा." मला घाम फुटला. पण या खेपेला मी अठ्ठाविसावं वचन उचलून वाचलं नाही. अठराव्यापासून सुरुवात केली आणि सावकाश वाचत गेलो. बाविसाव्या वचनात सगळी सृष्टी कण्हते. तेविसाव्यात आपण स्वतः कण्हतो. सव्विसाव्यात आपल्याला काय मागावं तेही कळत नाही, तेव्हा खुद्द पवित्र आत्मा शब्दांत न सांगता येणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो. तिथे त्याने मला हाताने थांबवलं.

"देव बी कण्हतो व्हय?"

मी म्हटलं, इथं तसंच लिहिलंय. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मग ठीक आहे." आणि उठून गेला. अठ्ठाविसावं वचन त्या दिवशी वाचायचं राहूनच गेलं.

आता सांगतो की हे इतकं सविस्तर का लिहिलं. दोन वर्षांनी पाळकांच्या एका सभेत मी हा अनुभव सांगितला. तिथे माझ्याहून पंधरा वर्षांनी ज्येष्ठ असलेले एक पाळक होते, मोठे वक्ते, त्यांचा शब्द सगळे झेलायचे. ते सगळ्यांदेखत म्हणाले, "तुम्हाला वचनाची लाज वाटली. अंत्यविधीला विश्वास न ठेवणारे नातेवाईक, गावकरी येतात, ते एरवी चर्चमध्ये पाऊल टाकत नाहीत. तीच तर खरी संधी. माणसांना काय वाटेल याचा विचार करून उपदेश करणारा हा पाळक नव्हे, समाजसेवक." सभा हसली. मी खाली बसलो. नंतरच्या वर्षांत हा विषय त्यांच्याशी तीन-चारदा निघाला, दर वेळी त्यांचं तेच, आणि वडीलधाऱ्यापुढे माझी जीभ अडखळायची. ते आज हयात आहेत, त्यांच्याबद्दल आदर आहे, आणि त्यांचं म्हणणं चूक आहे.

चूक का, तर योहानाचा अकरावा अध्याय उघडा. मार्था आणि मरीया या बहिणींचा भाऊ लाजर मेलाय. मार्था गावाबाहेर येऊन येशूला म्हणते, प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळाने मरीया येते आणि शब्दशः तेच म्हणते. एकविसावं वचन आणि बत्तिसावं वचन शेजारी ठेवून बघा. दोघींचं वाक्य एक. पण मार्थेशी तो पुनरुत्थानाबद्दल बोलतो, आणि मरीयेपुढे तो रडतो. उपदेश नाही, एक मुद्दा नाही. का? कारण त्या घरी त्याचं येणंजाणं होतं, तिथे तो जेवलेला होता, कुठली बहीण कशी आहे हे त्याला ठाऊक होतं. सोबत कितीतरी यहूदी शोक करायला आलेले होते. माझ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या हिशेबाने केवढी मोठी संधी! तो रडला तेव्हा ते लोक काय म्हणाले? पाहा, याचं त्याच्यावर किती प्रेम होतं. विश्वास न ठेवणाऱ्यांनी त्या दिवशी ऐकलेली साक्ष ती.

आणि वचनाची लाज वाटायचा प्रश्न असेल, तर तीन कण्ह सोडून नेमकं पुढचं गोड वचन कापून घेणाऱ्याला वचनाची लाज वाटते असं मी म्हणेन. पौलाने तो परिच्छेद ज्या क्रमाने लिहिला, त्या क्रमाने तरी वाचा.

तेव्हा अंत्यविधीला कोणता शास्त्रभाग घ्यावा हे मी इथून कसं सांगू? आधी त्या घरी जाऊन या. खड्डा खणायला लागतो त्या वेळात जाऊन या. मेलेल्या माणसाचं हाक मारायचं नाव काय होतं ते विचारा. मग कबरेजवळ एक स्तोत्र, एक प्रार्थना आणि पाच मिनिटांच्या वर नाही.

भाषेबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण सांगतो, कारण हल्ली तरुण पोरांचं ऐकवत नाही. "प्रभूने माझ्या हृदयावर एक ओझं ठेवलंय", "आपण त्याच्या प्रेझेन्समध्ये जाऊया", हे कुणाच्या घरात बोलतात? यूट्यूबवरच्या उपदेशकाचा आवाज, त्याचं थांबणं, त्याचं ओरडणंसुद्धा उचलतात. आपल्या नगर भागात एकोणिसाव्या शतकातच ख्रिस्ती कीर्तनं होत होती. १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' हे ख्रिस्ती नियतकालिक इथूनच निघायला लागला. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, आणि त्यांनी अभंग, ओव्या, भजनं अशी लिहिली की ज्या म्हातारीला अक्षर येत नव्हतं तिलाही ती तोंडपाठ झाली. 'उपासना संगीत' या आपल्या भजनांच्या पुस्तकात ती आजही आहेत. १९१७ साली त्यांनी मिशनचं काम सोडलं ते येशूची भक्ती इथल्या मातीतल्या रीतीने करता यावी म्हणून. एवढं सगळं घरात असताना भाषांतर केलेली मराठी कशाला बोलायची? त्या रात्री बाईच्या तोंडी आलं ते भजनच. माझा ग्रीक शब्द कुणाच्या तोंडी आला नाही.

दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी पटकन. अर्पणाचे पैसे एकट्याने कधी मोजू नका, मंडळीचे दोन वडील (एल्डर) समोर हवेत आणि वहीत तिघांच्या सह्या. मंडळीतल्या कुणाकडून उसने घेऊ नका, दहा रुपयेसुद्धा. लग्न झालं असेल तर पाळकीणबाईंना फुकटची संडे स्कूल शिक्षिका समजू नका, आणि कमिटीलाही समजू देऊ नका. आणि दिवाळीनंतर उपासना फडावर न्या. लोक येत नाहीत म्हणून रडणाऱ्या पाळकांना मी अनेकदा विचारलंय की तुम्ही किती कोप्यांत बसलात.

एक मात्र. माझं ऐकून कुणी असं समजू नये की तयारी नको किंवा दु:खात शिकवण नकोच. मार्थाही असतात. मला पुढे अशी माणसं भेटली ज्यांनी प्रेताशेजारी बसून थेट विचारलं, साहेब, पुनरुत्थान खरंच आहे ना, नीट सांगा. त्यांना गप्प बसणारा पाळक उपयोगाचा नाही, त्यांना नीटच सांगावं लागतं, आणि त्यासाठी अभ्यास केलेला असावा लागतो. सेमिनरीतली वर्षं वाया गेली असं मी म्हणत नाही. शहरातल्या मंडळीचा मला अनुभव थोडा, तिथलं गणित वेगळं असू शकेल.

नोट्सचं राहिलं. नोट्स ठेवा, पाठ करू नका. पाठ केलेलं असलं की नजर माणसांवर असूनही माणसं दिसत नाहीत. पण एकच कागद, आणि त्याची एकच बाजू. डिसेंबर १९८९ च्या त्या दुपारच्या नोट्स मी बायबलमध्ये रोमकरांस पत्रापाशी ठेवल्या आहेत. अकरा पानं आहेत. मुलाचं नाव पहिल्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलंय, आणि त्याचं स्पेलिंगसुद्धा मी चुकवलं होतं.